गोचुजांगचा लाल डबा: घरी कोरियन विंग्ज करायचे असतील तर हा घ्याच

आधीच सांगून टाकते, घरी कोरियन पद्धतीचे चकचकीत चिकन विंग्ज करायचे असतील तर गोचुजांगचा, म्हणजे कोरियन तिखट-गोड पेस्टचा, डबा विकत घ्या, त्याला पर्याय नाही. शेजवान चटणी, केचप आणि मध एकत्र करून कोरियन ग्लेझ (वरून लावायचा चकचकीत सॉस) म्हणून जे सगळीकडे दाखवतात ते खायला वाईट नसतं, पण त्याची चव चायनीजच्या गाडीवरच्या लॉलीपॉपची येते. मी ओ'फूड ब्रँडचा अर्धा किलोचा डबा वापरतेय आणि चवीला तो मला फार आवडलाय, त्यामुळे हा रिव्ह्यू त्याचा आणि ओघाने त्यातून होणाऱ्या विंग्जचा.

गोचुजांग म्हणजे लाल तिखट, चिकट तांदूळ, आंबवलेल्या सोयाबीनची पूड आणि मीठ, हे सगळं मुरवून केलेली पेस्ट. दक्षिण कोरियातलं सुनचांग त्यासाठी प्रसिद्ध आहे, पूर्वी मातीच्या मोठाल्या रांजणांत उन्हात महिनोन्महिने मुरवायचे. आता दुकानात मिळणाऱ्या बहुतेक डब्यांत गोडीसाठी सिरप पण असतं, बऱ्याच कंपन्यांच्या डब्यांत गहू असतो आणि टिकण्यासाठी थोडं अल्कोहोलही असतं, तर ज्यांना चालत नाही त्यांनी लेबल नीट वाचून घ्या. डबा उघडला की गडद लाल, घट्ट, चमचा उभा राहील अशी पेस्ट. जिभेवर ठेवली की आधी गोड लागते, मग खारट, आणि तिखटपणा सगळ्यात शेवटी हळूहळू घशात उतरतो. आपल्या लवंगी मिरचीची सवय असेल तर काहीच तिखट नाही, लहान मुलंही खातात.

आता एक गोष्ट नीट बघून घ्या, पेस्टचा डबा वेगळा आणि 'गोचुजांग सॉस' लिहिलेली दाबायची बाटली वेगळी. बाटलीत व्हिनेगर, साखर आणि पाणी घालून पातळ केलेलं असतं, भातावर किंवा सॅलडवर घ्यायला ते छान आहे, पण विंग्जवर ते ओघळतं आणि कुरकुरीत आवरण दोन मिनिटांत मऊ पडतं. पेस्टमध्ये तांदळाचा चिकटपणा असतो म्हणून ती धरून ठेवते. दुकानदाराला बहुतेक वेळा हा फरक माहीत नसतो, तेव्हा आपणच बघायचं.

या ग्लेझची गोष्ट पण सांगण्यासारखी आहे. तिकडे याला यांगन्योम चिकन म्हणतात आणि ते काढलं डेगू शहरात चिकनचं दुकान चालवणाऱ्या युन जोंग-ग्ये यांनी, १९८० च्या आसपास. तळलेल्या चिकनचं आवरण गार झालं की कडक व्हायचं, गिऱ्हाइकांच्या तोंडाला टोचायचं, म्हणून त्यांनी सॉस लावायचं ठरवलं, बरेच प्रयोग केले पण चव जमेना, शेवटी शेजारच्या एका आजींनी सांगितलं की मुल्योत घालून बघ आणि मग ते जमलं. मुल्योत म्हणजे स्टार्चपासून केलेलं घट्ट सिरप. हे वाचल्यापासून मी मध घालणं बंद केलं. केकचं सामान मिळतं त्या दुकानात लिक्विड ग्लुकोज मिळतं ना, ते मुल्योतच्या अगदी जवळचं आहे, स्वस्त आहे, त्याला स्वतःची चव फारशी नाही आणि चमक अशी येते की बघत राहावं. काकवी घालूनही करून पाहिलंय, चव फार सुंदर लागते, गुळाचा खमंगपणा येतो, पण रंग काळपट होतो आणि गोचुजांगची चव मागे पडते. कोल्हापूरकडची चांगली काकवी घरात असेल तर एकदा जरूर करा, पण ती वेगळी डिश म्हणून.

अजून एक, कोरियात बरेच जण या सॉसमध्ये केचपबरोबर चमचाभर स्ट्रॉबेरी जॅम घालतात. ऐकून विचित्र वाटतं पण घालाच, आपल्याकडे महाबळेश्वरचा जॅम आहेच. आंबटगोडपणा एकदम बरोबर बसतो.

विंग्ज आणताना खरी अडचण असते ती स्किनची. आपल्याकडे चिकनवाले कोंबडी सोलूनच देतात, सदऱ्यासारखी कातडी ओढून काढतात, त्यामुळे वेगळे मागितलेले विंग्ज अर्धे सोललेले मिळतात. स्किन नसेल तर हा पदार्थ करू नका, चव आणि कुरकुरीतपणा सगळा तिथेच आहे. आधीच सांगून ठेवायचं, भाऊ, विंग्ज विथ स्किन पाहिजेत, पिसं नीट काढून द्या. नाहीतर फ्रोझन पाकीट घ्या, त्यात स्किन असते. घरी सांध्यावर सुरी टेकवून दोन तुकडे करायचे, सांधा बरोबर सापडला की हाड कापावंच लागत नाही, टोकं बाजूला ठेवून सूपला वापरायची. मग धुवत न बसता टिश्यूने कोरडे करायचे, अगदी कोरडे, आणि वेळ असेल तर मीठ लावून ताटात पसरून रात्रभर फ्रीजमध्ये उघडेच ठेवायचे.

एक किलो विंग्जना अर्धी वाटी कॉर्नफ्लोअर पुरतं. कोरियन लोक बटाट्याचा स्टार्च वापरतात, मिळाला तर तो घ्या, पण कॉर्नफ्लोअरने काही बिघडत नाही. मैदा नको, जाड थर होतो. तळायचं दोनदा. पहिल्यांदा मध्यम तेलात, १६० अंशाच्या आसपास, आठ-दहा मिनिटं, रंग फार येऊ द्यायचा नाही. मग जाळीवर काढून दहा मिनिटं गप्प ठेवायचे. या वेळात आतलं पाणी बाहेरच्या आवरणात येतं आणि दुसऱ्यांदा १८० ते १९० अंशाच्या कडकडीत तेलात तीन-चार मिनिटं टाकले की ते उडून जातं, म्हणून तो पातळ काचेसारखा कुरकुरीतपणा येतो. झाऱ्यात घेऊन हलवले की खडखड आवाज यायला पाहिजे, तो आला की काढा.

तळण नको असेल तर ओव्हन किंवा एअर फ्रायर. तिथे कॉर्नफ्लोअरऐवजी बेकिंग पावडर चोळायची, किलोला दोन छोटे चमचे सपाट भरून, आणि इथे ते रात्रभर फ्रीजमध्ये सुकवणं मात्र हवंच. बेकिंग पावडरने स्किन थोडी अल्कधर्मी होते, त्यामुळे लवकर आणि छान लालसर भाजली जाते. खायचा सोडा घालू नका, कडवट साबणासारखी चव येते. तळलेल्याची सर येत नाही हे खरं, पण रोजच्या जेवणात मी असेच करते आणि घरात आनंदाने खातात.

सॉसला कढईत दोन चमचे तेल, पाच-सहा लसूण पाकळ्या ठेचून, जरा आलं, लसणाचा कच्चा वास गेला की गॅस एकदम बारीक करून दोन मोठे चमचे गोचुजांग. हे परतणं फार महत्त्वाचं आहे, कच्ची पेस्ट वर ओतली तर चव बोथट लागते आणि परतली की तिचा आंबवलेला वास खमंग होतो. त्यात साखर असल्याने लगेच करपते, त्यामुळे तिथून हलायचं नाही. मग दीड चमचा केचप, चमचाभर जॅम, चमचाभर सोया सॉस, तीन चमचे लिक्विड ग्लुकोज, थोडं व्हिनेगर, दोन चमचे पाणी. सोया सॉस किक्कोमनसारखा नीट मुरवलेला घ्या, चायनीजसाठी आणतो तो काळा सॉस नको, त्याने रंग बिघडतो. वरून मीठ अजिबात नको. मोठे बुडबुडे येऊन चमच्याच्या पाठीवर सॉस चिकटून राहिला की बस, गॅस बंद, गरम विंग्ज टाका आणि पटापट घोळवा. पाकातल्या चिरोट्यांचं जे गणित असतं तेच इथे आहे, पाक बरोबर झाला तर वरून चमक आणि आतून कुरकुरीत, पातळ राहिला तर सगळं मऊ.

शेवटी भाजलेले तीळ. आपलं तिळाचं तेल घालू नका, ते कच्च्या तिळाचं असतं, कोरियन तेल भाजलेल्या तिळाचं, वासात जमीन-अस्मानाचा फरक. ते नसेल तर तीळ जरा जास्त खरपूस भाजून, अर्धे कुटून घाला, काम होतं.

डबा स्वस्त नाही, हे मान्य. पण किलोभर विंग्जना दोन चमचे लागतात, म्हणजे एक डबा किती दिवस पुरतो बघा. उघडल्यावर फ्रीजमध्ये, कोरडा चमचा, आणि आतला प्लास्टिकचा कागद पूर्ण काढून न टाकता पेस्टवर दाबून ठेवायचा म्हणजे वरचा थर काळा पडत नाही. ऑनलाइन घेताना एक्सपायरीची तारीख विचारून घ्या, मला एका ॲपवरून महिनाभर उरलेला डबा आला होता आणि परत घ्यायला त्यांनी बरंच ताणलं. तेव्हापासून मी दुकानात जाऊन, तारीख बघून, सील दाबून मगच घेते. शाकाहारी मंडळींनी हाच सॉस फ्लॉवरच्या तुऱ्यांना लावून बघा, फक्त फ्लॉवर एकदाच तळा आणि सॉस अजून थोडा घट्ट करा.