खजुरी बाजारातील दुकानाचा दावा आणि एका वकीलबाईंचा सल्ला

गेल्या वर्षी घरमालकांची नोटीस आली, तेव्हा इंदूरच्या खजुरी बाजारातील आमच्या बाइंडिंगच्या दुकानाला ३१ वर्षे झाली होती. पुण्याची नोकरी सोडून आलेल्या मोठ्या मुलाला चष्म्यांचे दुकान काढायचे आहे, म्हणून जागा रिकामी करून द्यावी, असे नोटिशीत लिहिले होते. हे काम मी ज्या वकीलबाईंकडे सोपवले, त्यांच्या सेवेविषयी हा अभिप्राय आहे. अशी नोटीस हातात पडलेल्या भाडेकरूला तो उपयोगी पडावा, एवढीच इच्छा आहे.

त्यांच्याआधी मी दुसऱ्या एका वकिलांना भेटलो होतो. त्यांनी कागदही न पाहता ‘दहा वर्षे तरी हलू देत नाही’ असे सांगितले आणि मला ते ऐकायला बरे वाटले, हे कबूल करतो. वकीलबाईंनी मात्र पहिल्या बैठकीत तासभर प्रश्नच विचारले. घरमालक निवृत्त सरकारी नोकर आहेत का, किंवा मालकी एखाद्या विधवा स्त्रीच्या नावावर आहे का, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. कारण तसे असेल तर प्रकरण भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे जाते आणि समन्स मिळाल्यापासून १५ दिवसांत बचावाची परवानगी मागावी लागते. ती मुदत हुकली तर भाडेकरूला आपली बाजू मांडताच येत नाही. आमचे घरमालक साधे व्यापारी असल्यामुळे दावा दिवाणी न्यायालयातच येणार होता.

त्यानंतर त्यांनी मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, १९६१ मधील कलम १२ काढून, कचेरीत ज्याला ‘बारा एक एफ’ म्हणतात तो खंड मला मराठीत वाचून समजावला. जागा वादीच्या मालकीची असली पाहिजे, स्वतःच्या, सज्ञान मुलाच्या किंवा अविवाहित मुलीच्या व्यवसायासाठी तिची खरी गरज असली पाहिजे आणि त्याच शहरात त्याच्या ताब्यात दुसरी योग्य जागा नसली पाहिजे. मी लगेच सांगितले की त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर मागच्या बाजूला त्यांची एक खोली रिकामी पडून आहे. माझ्या मते तोच आमचा हुकमाचा पत्ता होता. त्या स्वतः येऊन तो अरुंद जिना चढून गेल्या आणि परत आल्यावर त्यांनी स्पष्ट सांगितले की चष्मे घ्यायला गिऱ्हाईक इथे चढून येणार नाही आणि न्यायालयही तसे म्हणणार नाही. गरज प्रामाणिक आहे की नुसती सबब आहे, एवढेच न्यायालय पाहते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ च्या एका निकालात मांडले आहे; कोणती जागा आपल्या सोयीची, हे मालकाला भाडेकरूने शिकवायचे नसते. वडिलांनी दिलेल्या पगडीची पावती नाही, तेव्हा त्यावर विसंबू नका, हेही त्यांनी त्याच दिवशी सांगितले. त्या रात्री मला झोप लागली नाही, पण खोटी आशा घेऊन मी घरी आलो नव्हतो.

आमच्या बाजूने काय आहे, हे त्यांनी तितक्याच बारकाईने दाखवले. इंदूरसारख्या शहरात या खंडाखाली आदेश झाला तरी दोन महिन्यांआधी ताबा घेता येत नाही आणि दहा वर्षे त्या जागेत व्यवसाय चालू असेल तर वार्षिक प्रमाणित (म्हणजे कायद्यानुसार ठरणाऱ्या) भाड्याच्या दुप्पट भरपाई दिल्याशिवायही घेता येत नाही. आमचे भाडे महिना १,८०० रुपये; तेच प्रमाणित धरले तर ४३,२०० रुपये होतात. रक्कम मोठी नाही, पण कटिंग मशीन आणि जमिनीत बोल्टांनी बसवलेला, पुस्तके दाबून धरायचा लोखंडी शिकंजा हलवायला ती पुरली. शिवाय ताबा घेतल्यावर मालकाने दोन वर्षांच्या आत परवानगीशिवाय जागा दुसऱ्याला भाड्याने दिली, तर भाडेकरूला दाद मागता येते.

समन्स आल्यावर महिन्याच्या आत थकबाकी आणि पुढे दर महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भाडे भरत राहावे लागते, नाहीतर बचावच काढून टाकला जाऊ शकतो. यासाठी त्यांनी माझ्याकडून एक वही घालून घेतली. प्रत्येक भरणा त्या स्वतः तपासून पाहत.

शेवटी राष्ट्रीय लोक अदालतीत तडजोड झाली. शाळा-महाविद्यालयांचा हंगाम आटोपेपर्यंत, म्हणजे जुलैअखेरपर्यंत मुदत, भाडे जुनेच आणि चावी देण्याच्या दिवशी ४३,२०० रुपये. लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील नसते, म्हणून सही करण्यापूर्वी त्यांनी मला प्रत्येक अट मोठ्याने वाचायला लावली. चावी देताना घरमालकांचा मुलगा शिकंजा उचलायला स्वतः हात लावत होता. दहा वर्षे भांडलो असतो तर ते घडले नसते.

उणिवाही लिहितो. संध्याकाळी सहानंतर त्या फोन घेत नाहीत. त्यांच्या मुन्शींनी, म्हणजे कारकुनांनी, एकदा पेशीची (सुनावणीची) तारीख चुकीची सांगितली. न्यायालयांच्या ई-कोर्ट्स या संकेतस्थळावर पाहिले नसते तर मी गैरहजर राहिलो असतो. फी सुरुवातीलाच लेखी ठरली होती, पण नकलांचा खर्च वेगळा लागेल हे आधी कळले नाही. ज्यांना फक्त वेळ काढायचा आहे, त्यांनी त्यांच्याकडे जाऊ नये.

जाताना भाड्याच्या सर्व पावत्या आणि गुमास्ता परवाना सोबत न्यावा. आमच्या दुकानाचे वय सिद्ध झाले ते वडिलांच्या जुन्या परवान्यावरूनच. तो त्यांनी स्वतःच खळ लावून पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवला होता.