झाकायचे पैसे वेगळे, उघडायचे वेगळे: गॅसच्या कॉकवरून झालेली फसवणूक

पुण्यात सिंहगड रोडवर माझ्या आईबाबांच्या फ्लॅटमध्ये किचनचं काम करणाऱ्या ठेकेदाराने गॅसचा कॉक प्लायच्या मागे बंद केला आणि नंतर तोच कॉक मोकळा करून देण्याच्या नावाखाली पुन्हा पैसे काढले. त्यांच्याच सोसायटीत त्याने आणखी दोन किचनं घेतली आहेत, आणि अशी माणसं एका सोसायटीवर थांबत नाहीत. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

पाइप गॅस असलेल्यांना हे माहीत असेलच, पण ज्यांच्याकडे नुकताच आला आहे त्यांच्यासाठी सांगते. इमारतीच्या बाहेरून वर चढणाऱ्या पाइपाचा फाटा घरात येतो. तो आधी मीटरला जातो, मग ओट्याखाली किंवा शेगडीच्या बाजूला एक कॉक असतो आणि तिथून रबरी नळी शेगडीला लागते. मीटरच्या अलीकडेही एक कॉक असतो. दांडा पाइपच्या रेषेत असला की गॅस चालू, पाइपला आडवा केला की बंद. पाव वळसा फिरवायचा, बस. पण त्यासाठी दांडा हाताला लागायला हवा.

कोटेशनमध्ये 'गॅस पाइप बॉक्सिंग' म्हणून साडेसहा हजारांची ओळ होती. कॉकसमोर उघडझाप होणारं शटर देतो, असं तोंडी ठरलं होतं. प्रत्यक्षात ओट्याखाली सलग पॅनेल ठोकलं आणि स्क्रूची डोकीसुद्धा लॅमिनेटखाली गाडली. ड्राय बाल्कनीत मीटरभोवती कपाट केलं, तिथे आकडे दिसण्यापुरती काच ठेवली, पण मीटरचा कॉक प्लायच्या मागेच गेला. म्हणजे रीडिंगची सोय झाली, गॅस बंद करण्याची नाही! बाबांनी विचारलं तर म्हणे, "काका, शटर दिलं असतं तर लुक गेला असता. तरी उद्या-परवा पोरगा पाठवतो." शेवटचा हप्ता मिळाला आणि तो पोरगा काही उगवला नाही.

पुढे गॅस कंपनीची नेहमीची सुरक्षा तपासणी आली. तंत्रज्ञाला कॉकपर्यंत हात नेता येईना. त्याने तपासणीच्या कागदावर तसं लिहिलं आणि पॅनेल उघडून घ्यायला सांगितलं. बाबांनी ठेकेदाराला फोन केला. खरी फसवणूक इथून सुरू झाली.

तो म्हणाला, "पॅनेल आम्ही उघडलं आणि लीक झालं तर जबाबदारी कोणाची? याला कंपनीचा अधिकृत माणूस लागतो, मी पाठवतो." यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच ते गळी उतरतं. पाइप, जोड, कॉक, मीटर यांना कंपनीच्या माणसाशिवाय कोणी हात लावू नये, हे बरोबर. पण प्लाय ही काही गॅस कंपनीची मालमत्ता नाही. पाइपला धक्का न लावता पॅनेल काढणं हे सुताराचं काम आहे.

आलेल्या माणसाच्या गळ्यात ओळखपत्र, हातात गॅस डिटेक्टर. आधी खिशातून सॅनिटायझर काढून त्याने हात चोळले. मग तेच हात पॅनेलच्या फटीशी नेऊन डिटेक्टर धरला, तर तो टी-टी वाजायला लागला. आई घाबरली. साहेबांनी गंभीर चेहरा करून व्हॉल्व्ह बदली, टेस्टिंग आणि सर्टिफिकेट मिळून अठरा हजार सातशे सांगितले, आणि 'काकांसाठी म्हणून' सोळा हजारांवर आले. पैसे यूपीआयने, एका व्यक्तीच्या खात्यावर. पक्कं बिल हवं असेल तर जीएसटी वेगळा.

आणि मग त्याने इलेक्ट्रिक जिगसॉ लावून पॅनेल कापायला घेतलं. गॅस गळतोय असं दोन मिनिटांपूर्वी सांगणारा माणूस ठिणग्या उडवणारं यंत्र त्याच जागी चालवतो! खरी गळती असती तर शेगडी बंद, खिडक्या उघड्या, विजेच्या बटणाला हात नाही, आणि बाहेर जाऊन कंपनीच्या आपत्कालीन नंबरवर फोन, हा क्रम आहे. यांतलं त्याने एकही केलं नाही.

भोक पाडून त्याने बाथरूमच्या प्लंबिंगला लावतात तसं पांढरं प्लॅस्टिकचं झाकण बसवलं, आईला बाहेर बसवून 'व्हॉल्व्ह बदलला' आणि एक सर्टिफिकेट दिलं. त्यावर ग्राहक क्रमांक नाही, कार्यालयाचा पत्ता नाही, सहीखाली नाव नाही.

मी ठाण्याहून गेले तेव्हा गॅसच्या बिलावरच्या नंबरवर फोन करून कंपनीचा माणूस बोलावला. त्याने डिटेक्टर फिरवला, जोडांना साबणाचा फेस लावला. गळती नाही. कॉक जुनाच, फक्त घासूनपुसून चकचकीत केलेला. सॅनिटायझरचं ऐकून तो हसला. त्यात अल्कोहोल असतं आणि बाजारातले बरेच डिटेक्टर त्याच्या वाफेलाही वाजतात, म्हणाला. मग त्याने आम्हाला झाकणातून कॉक बंद करून दाखवायला सांगितलं. दांडा अर्धा फिरला आणि प्लायवर आपटला. म्हणजे सोळा हजार मोजून कॉक नुसता दिसायला लागला होता.

बॉक्सिंगमध्ये धोका नेमका कुठे, तेही त्यानेच समजावलं. पाइपमधला गॅस मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका. गळला की वर चढतो आणि बंद खोक्यात, कपाटांच्या मागच्या पोकळीत साठतो. मुळात त्याला वास नसतो, गळती कळावी म्हणून उग्र वासाचं मरकॅप्टन मिसळतात. पण खोकं घट्ट असेल तर तो वास नाकापर्यंत उशिरा पोचतो. सिलिंडरमधला एलपीजी उलट, हवेपेक्षा जड आणि तळाशी बसणारा. त्यामुळे सिलिंडरच्या कपाटाला खालून हवा लागते आणि पाइप गॅसच्या खोक्याला वरून लागतेच. आमच्या पॅनेलला वर-खाली कुठेच फट नव्हती.

शेवटी कोपऱ्यावरच्या सुताराने दोन्ही ठिकाणची पॅनेलं काढली, बिजागरीची पूर्ण शटरं आणि वर-खाली जाळ्या बसवल्या. सामानासकट चार हजारांच्या आत काम झालं. आता आईसुद्धा एका हाताने कॉक बंद करते.

ठेकेदाराचं म्हणणं, "तो माझा माणूसच नाही." पण बाबांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचाच मेसेज आहे: 'आमचा गॅसवाला 11 वाजता येईल.' तो मेसेज, यूपीआयची नोंद, कोटेशन आणि तपासणीचे दोन्ही कागद जोडून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, आणि 2019 च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो. मुदत दोन वर्षांची. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर विचारून घेतलं, तिथे नीट माहिती मिळाली. कंपनीचा माणूस असल्याचं भासवून पैसे घेतले म्हणून पोलिसांतही अर्ज दिला आहे. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम 318 आहे, आणि दुसराच कोणी असल्याचं भासवून केलेल्या फसवणुकीला 319. हवालदारांनी आधी 'हा तुमचा घरगुती व्यवहार आहे' म्हणून टोलवायचा प्रयत्न केला. ते नकली सर्टिफिकेट समोर ठेवल्यावर अर्ज घेतला.

सोसायटीतल्या त्या दोन घरांपैकी एकांचे पैसे आधीच देऊन झाले होते. त्यांचा कॉक अजून आत आहे, सुतार ठरवला आहे. दुसऱ्या काकूंनी शेवटचा हप्ता अडवला आणि स्वतः हात घालून कॉक पूर्ण फिरवून पाहिल्याशिवाय देणार नाही असं सांगितलं. त्याने दुसऱ्या दिवशी शटर लावून दिलं, एक पैसाही जास्त न घेता.