टिळकवाडीतील श्वान प्रशिक्षण वर्ग
आमच्या रॉटवायलर जातीच्या कुत्र्याला पाहून गल्लीतील माणसे रस्ता बदलत, म्हणून आम्ही टिळकवाडीतील एका प्रशिक्षण वर्गात दोन महिने जात होतो. मार्च 2024 मध्ये केंद्राने कुत्र्यांच्या 23 जातींवर बंदीचे परिपत्रक काढले, त्यांत ही जातही होती; कर्नाटक उच्च न्यायालयाने ते एप्रिलमध्ये रद्द केले, तरी मनातील धास्ती निकालाने जात नाही. सरांनी पहिल्या दिवशी कुत्र्याआधी पट्टा धरणारा माझा हात पाहिला आणि अंग ताठ होणे, ओठ किंचित उचलणे या चाव्यापूर्वीच्या खुणा ओळखायला शिकवल्या. रेबीज लसीचे कार्ड दाखवल्याशिवाय तेथे प्रवेश नाही, हे मला मनापासून पटले. शुल्क थोडे जास्त आहे. चावा झालाच तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुऊन तडक दवाखाना गाठायचा, हेही त्यांनी प्रत्येक पालकाकडून वदवून घेतले.