फिशमीलऐवजी सोयाबीन: मनोरीतल्या टाक्यांमध्ये आठ महिने वनस्पतिजन्य खाद्य वापरल्यानंतरचा अनुभव

मुंबईतल्या मनोरीत घरामागच्या जागेत माझ्या ताडपत्रीच्या चार गोल टाक्या आहेत. तीन टाक्यांत परवाना घेऊन चिलापी (तिलापिया) सोडलेली आहे आणि चौथीत जिताडा. गेल्या ऑगस्टपासून मार्चअखेरपर्यंत चिलापीच्या दोन टाक्यांना मी फिशमील (मासळी सुकवून केलेली भुकटी) अजिबात नसलेले, सोयाबीनची पेंड, मक्याचे ग्लुटेन आणि भाताचा कोंडा यांपासून बनवलेले तरंगते खाद्य दिले, तर तिसऱ्या टाकीला पूर्वीचेच फिशमीलचे खाद्य चालू ठेवले. दोन्ही पिशव्यांवर प्रथिनांचे प्रमाण 30 टक्के होते, बोटुकली (माशांची बोटाएवढी पिल्ले) एकाच खेपेची होती आणि पाणीही एकाच विहिरीचे, किंचित मचूळ. त्यामुळे तुलना बऱ्यापैकी सरळ झाली.

हा बदल करण्यामागे पैशांइतकेच दुसरेही कारण होते. आमचे घर कोळ्यांचे. जाळ्यात येणारी बोटभर मासळी, जी आणखी एक हंगाम समुद्रात राहिली असती तर विकण्याजोगी झाली असती, ती ढिगाने फिशमीलसाठी जाताना मी लहानपणापासून पाहिली आहे. महाराष्ट्र शासनाने 2023 मध्ये 54 प्रजातींसाठी पकडीचा किमान आकार ठरवून दिला, पापलेटसाठी तो 135 मिलिमीटर आहे. एकीकडे बारीक मासळी पकडू नका म्हणायचे आणि दुसरीकडे तिच्याच भुकटीवर टाकीतले मासे वाढवायचे, हे मला पटेनासे झाले होते.

सुरुवातीचे दहा-बारा दिवस कठीण गेले. फिशमीलचा वास नसल्यामुळे मासे दाणा तोंडात घेऊन बाहेर टाकत. मी एकदम बदल केला ही चूक होती. तिसऱ्या दिवसापासून जुन्या खाद्यात एक चतुर्थांश नवे मिसळले, दर चार दिवसांनी प्रमाण वाढवले आणि तिसऱ्या आठवड्यात मासे पूर्ण नवे खाद्य मोकळेपणाने खाऊ लागले. चिलापी मुळात सर्वभक्षी आहे, शेवाळापासून दाण्यापर्यंत सर्व पचवते, म्हणून हे शक्य झाले.

वाढीचे आकडे माझ्या वहीतले आहेत. दर पंधरा दिवसांनी पाग टाकून तीस मासे तोलत असे. साधारण दहा ग्रॅमच्या बोटुकलीपासून मार्चअखेर फिशमीलच्या टाकीत सरासरी 460 ग्रॅम वजन भरले आणि वनस्पतिजन्य खाद्याच्या टाक्यांत 435 व 440 ग्रॅम. एक किलो वाढीसाठी फिशमीलच्या टाकीत 1.4 किलो खाद्य लागले, वनस्पतिजन्य खाद्याच्या दोन्ही टाक्यांत जवळजवळ 1.55 किलो. मरतुकीत फरक जाणवला नाही. डिसेंबर-जानेवारीत पाणी गार झाल्यावर तिन्ही टाक्यांत खाणे सारखेच मंदावले.

हा फरक इतका थोडा राहिला, याचे श्रेय मी सोयाबीनपेक्षा ते कसे तयार केले आहे याला देईन. त्याच्या आदल्या वर्षी मी स्वतः कच्चे सोयाबीन दळून कोंड्यात मिसळून दिले होते आणि दोन महिने मासे जागच्या जागी राहिले. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन या पाचक विकराला (एन्झाइमला) अडवणारा घटक असतो. नीट उष्णता दिल्याशिवाय तो निष्प्रभ होत नाही. शिवाय सोयाबीनच्या प्रथिनात मिथिओनिन हे अमिनो आम्ल कमी पडते, म्हणून ते वेगळे घालावे लागते. खरेदी करताना पिशवीवर प्रथिनांच्या टक्क्यांबरोबर मिथिओनिन घातल्याचा उल्लेख आहे का, हे अवश्य पाहावे. टक्केवारी सारखी असली तरी प्रथिन सारखे नसते, हे मला पूर्वी उमगले नव्हते.

पाण्याच्या बाबतीत मात्र माझी तक्रार आहे. वनस्पतींतील बराचसा फॉस्फरस फायटेटच्या रूपात बांधलेला असतो आणि तो फोडणारे फायटेज हे विकर माशांच्या पोटात पुरेसे नसते. न पचलेला फॉस्फरस विष्ठेवाटे पाण्यात येतो. नोव्हेंबरपर्यंत त्या दोन टाक्यांचे पाणी तिसरीपेक्षा लवकर हिरवे होऊ लागले. विष्ठाही सैल, पाण्यात विरघळणारी, त्यामुळे तळाच्या निचऱ्यातून ती नीट निघत नसे आणि मला आठवड्यातून एकदा होणारी पाणी बदलण्याची फेरी दोनदा करावी लागली. नंतर फायटेज घातलेली पिशवी मिळाली, तेव्हा हिरवेपणा कमी झाला.

साठवणीबद्दल मुंबईकरांनी विशेष सावध राहावे. ऑगस्ट-सप्टेंबरच्या हवेत पेंडीवर आधारित खाद्य फार लवकर ओल धरते. भिंतीला टेकवून ठेवलेल्या एका पिशवीच्या तळाशी मला हिरवट बुरशी दिसली आणि ती संपूर्ण पिशवी मी टाकून दिली, कारण अशा बुरशीतून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन माशांच्या यकृतावर घाव घालते आणि वरवरची बुरशी झटकून ते जात नाही. आता पिशव्या लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवते आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतेच खाद्य आणते.

जिताड्याला हेच खाद्य देण्याचा प्रयत्न मी तीन आठवड्यांत थांबवला. तो मांसाहारी मासा आहे, त्याला प्रथिनही चाळीस टक्क्यांच्या पुढे लागते, आणि पूर्ण वनस्पतिजन्य दाणा त्याने जवळजवळ नाकारला. त्याच्यासाठी फिशमील काही अंशी कमी करता येईल, पण सर्वस्वी काढता येईल असे मी सांगणार नाही.

चवीचा प्रश्न सर्वांनी विचारला. घरी दोन्ही टाक्यांतले मासे एकाच मसाल्यात तळले, आईला फरक कळला नाही; मालाडच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांनीही काही सांगितले नाही. पण चव आणि पोषण या वेगळ्या गोष्टी आहेत. माशाच्या अंगातले ओमेगा-3, विशेषतः ईपीए आणि डीएचए, बहुतांशी त्याच्या खाद्यातून येतात, आणि सोयाबीनच्या तेलात ती दोन्ही नसतात. म्हणून काढणीपूर्वीचे शेवटचे काही आठवडे माशाचे तेल किंवा सागरी शेवाळाचे तेल असलेले खाद्य देणे मला आवश्यक वाटते. या खेपेत ते राहून गेले.

खर्चाचे सांगायचे तर खाद्याच्या किलोमागे मला सात रुपये कमी द्यावे लागले, परंतु जास्त लागलेले खाद्य आणि पाण्याचा पंप यांत त्यातले बरेच गेले. जूनमध्ये येणाऱ्या बोटुकलीसाठी चिलापीच्या तिन्ही टाक्यांना मी हेच खाद्य ठरवले आहे. दोन टाक्यांना फायटेज घातलेले, आणि एका टाकीला शेवटचा महिना शेवाळाच्या तेलासह.