थॉमास्टिक जॅझ स्विंग 112: तारा अप्रतिम, पण आर्चटॉपचा सेटअप नव्याने केलात तरच

थॉमास्टिक-इनफेल्ड ही व्हिएन्नाची कंपनी, 1919 पासूनची, व्हायोलिन-चेलो वाजवणाऱ्यांमध्ये तिचं नाव सगळ्यांना माहीत असतं. त्यांचा जॅझ स्विंग 112 हा गिटारच्या तारांचा फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीने वेढलेला, गुळगुळीत) सेट मी माझ्या आर्चटॉपला, म्हणजे फुगीर टॉपच्या गिटारला लावलाय आणि आता दुसरं काही लावावंसंच वाटत नाही. महाग आहे, साध्या राउंडवाउंडचे (गोल तारेने वेढलेल्या, खडबडीत तारांचे) तीन-चार सेट येतील एवढे पैसे जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. आपल्याकडे सगळे "12 चा सेट" असं म्हणून मोकळे होतात, पण तो 12 म्हणजे फक्त पहिल्या तारेची जाडी, 0.012 इंच. माझ्या गिटारवर आधी डॅडारिओ कंपनीचा क्रोम्स सेट होता, तोही 12 चाच. आता दोन्ही सेट शेजारी ठेवून बघा: क्रोम्स 12, 16, 24, 32, 42, 52 आणि जॅझ स्विंग 12, 16, 20, 27, 37, 50. पहिल्या दोन तारा साध्या स्टीलच्या, जाडी तीच, म्हणजे टेन्शनही तेच. सगळा फरक पुढच्या चार तारांमध्ये आहे, 24 च्या जागी 20, 32 च्या जागी 27, तार हलकी झाली की त्याच सुराला ताण कमी लागतो, आणि डाव्या हाताला ते पहिल्या कॉर्डलाच कळतं. नुसता 12 आकडा बघून "नको बाबा, बोटं जातील" म्हणणाऱ्यांनी हे नक्की बघावं. स्केलचाही (तारेच्या वाजणाऱ्या लांबीचाही) हिशोब धरा, 25.5 इंचाच्या गिटारवरून 24.75 वर आलात तर तोच सेट साधारण 6 टक्के सैल होतो. माझं 24.75 आहे, तिथे पहिली तार साधारण 10 किलोने ओढलेली असते.

आता सेटअप, कारण खरी मजा आणि खरा घोळ दोन्ही इथेच आहे. आर्चटॉपचा ब्रिज, म्हणजे तारांना टेकू देणारी घोडी, चिकटवलेला नसतो, तो फक्त तारांच्या दाबाने टॉपवर उभा असतो, त्यामुळे सगळ्या तारा एकदम काढायच्या नाहीत, एकेक बदलायची, आणि त्याआधी ब्रिजच्या पायाभोवती मास्किंग टेप लावून जागा पकडून ठेवायची (जुनं नायट्रो पॉलिश असेल तर टेप जपून, रंग उचलला जाऊ शकतो). दुसरं, या तारांचा गाभा गोल आहे, म्हणून तार खुंटीजवळ नीट काटकोनात वाकवायची आणि मगच जास्तीची कापायची, सरळ कापलीत तर वरचं वेटोळं आतून सरकू शकतं आणि मग ती तार मेलेलीच वाजते.

लावून झाल्यावर पहिल्या तीन-चार फ्रेटवर झणझण येऊ लागली. तारेत दोष नव्हता, एकूण ताण कमी झाल्यामुळे नेक किंचित मागे गेलेली. ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक ठरवणारी सळई) पाव फेरा सैल केला, एक रात्र तशीच ठेवली, सकाळी सहावी तार पहिल्या फ्रेटवर आणि बॉडीच्या जोडाजवळ दाबून मधली फट बघितली, 0.25 मिमीच्या आसपास, व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी. मग ब्रिजची थंबव्हील्स, म्हणजे उंची कमी-जास्त करायची चाकं. क्रोम्सला ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) अगदी खाली चालायची, या तारा सैल असल्यामुळे जास्त रुंद हलतात, त्यांना जागा द्यावी लागते. माझं आता बाराव्या फ्रेटवर पहिल्या तारेला 1.6 आणि सहाव्या तारेला 2.1 मिमी आहे आणि एकही फ्रेट आवाज करत नाही. ब्रिज वर घ्यायचा असेल तर तारा थोड्या ढिल्या करूनच चाक फिरवा.

शेवटी इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर खरा येणं. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, नुसती स्पर्शून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर जुळवायचा, दाबलेला सूर चढा आला तर ब्रिज टेलपीसकडे (तारांची खालची टोकं अडकतात तिकडे), उतरा आला तर नेककडे. दोन्ही टोकाच्या तारा जुळल्या की मधल्या ब्रिजच्या आकारावर सोडायच्या. इथे तिसऱ्या तारेकडे लक्ष द्या, या सेटमध्ये ती वाउंड (वर वेढे असलेली) आहे, आणि ज्यांच्या लाकडी ब्रिजचं माथं साध्या तारेसाठी कापलंय त्यांची ती तार कायम उतरी येणार, कितीही सरकवा. तेवढं माथं बदलून घ्या.

आवाजाबद्दल काय सांगू, निकेलचं वाइंडिंग आहे, गोल, उबदार, पण मंद नाही, मधल्या तारांवर कॉर्ड वाजवली की प्रत्येक सूर वेगळा ऐकू येतो आणि बोट सरकवताना चिर्र आवाज येत नाही. ॲम्पवर मात्र दुसरी तार एकदम पुढे आली, ती साधं स्टील ना, पिकअपला (तारांची थरथर टिपणाऱ्या चुंबकाला) ती जास्त जाणवते. तिच्या खालचा पोलपीसचा, म्हणजे पिकअपमधला त्या तारेपुरता स्क्रू दोन फेरे खाली घेतला आणि बॅलन्स जमला. पुण्यातल्या पावसाळ्यात लाकूड दमट होऊन ॲक्शन वर येते, तेव्हा थंबव्हील थोडं खाली करावं लागतं, पण तारा स्वतः गुळगुळीत असल्यामुळे घाम-मळ साचायला खाच नाही, वाजवून झाल्यावर सुती फडक्याने पुसल्या की बास.

सगळ्यांसाठी आहेत का, तर नाही. कोरीव टॉपचं गिटार ॲम्पशिवाय, काउंट बेसीच्या बँडमधल्या फ्रेडी ग्रीनसारखी चार ठोक्यांची रिदम वाजवायला घेत असाल, तर तिथे उंच ॲक्शन आणि जाड, ताठ तारा लागतात, या तारा टॉपला तेवढं हलवत नाहीत. जोरात पिक मारायची सवय असेल तर 113 घ्या, 13 ते 53, बेंड करायचे (तार ओढून सूर चढवायचा) असतील तर 111. आणि ऑर्डर करताना पाकिटावर जेएस (जॅझ स्विंग) बघा, बीबी म्हणजे बीबॉप, तो याच कंपनीचा राउंडवाउंड सेट आहे, आकडा तोच 112 असतो.