एका 'व्ही२' स्टिकरपायी गेलेले ४१,३७०

आकडा आधीच सांगून टाकतो म्हणजे लाज एकदाच वाटेल. ४१,३७०. एवढे पैसे एका सॉकेटपायी, म्हणजे कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो त्या जागेपायी घालवले, आणि घालवले कोणी तर ओळखीतले सगळे ज्याला फोन करून "कुठला प्रोसेसर घेऊ रे" विचारतात त्याने, म्हणजे मी. घरच्यांना अजून पूर्ण आकडा माहीत नाही, त्यांना अर्धाच सांगितलाय.

जून २०२१ ची गोष्ट. बजेट कमी होतं म्हणून प्लॅन साधा होता, आणि तो प्लॅन मला आजही चुकीचा वाटत नाही. आत्ता इंटेलचा दहाव्या जनरेशनचा आय३-१०१०० घ्यायचा, दोन वर्षांनी तो काढून त्याच बोर्डवर अकराव्या जनरेशनचा आय७-११७०० टाकायचा, रॅम, एसएसडी, कॅबिनेट सगळं तेच. सॉकेट एलजीए १२००, दहावी आणि अकरावी दोन्ही जनरेशन त्यात बसतात. 'बसतात' हा शब्द लक्षात ठेवा, सगळा धंदा याच शब्दावर चालतो. बसणं वेगळं आणि चालणं वेगळं.

विकणारा एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भेटला. 'फ्युचर अपग्रेड कॉम्बो'. बोर्ड आणि आय३ मिळून १४,६००, वर ३,५०० 'अपग्रेड बुकिंग', मग आपण म्हणू तेव्हा जुना आय३ परत द्यायचा आणि ठरलेल्या भावात आय७ घ्यायचा. अशा स्कीमा कशा असतात ते तुम्हाला माहितीच आहे, आधी थोडे पैसे अडकवायचे म्हणजे माणूस परत तिथेच येतो. मलाही माहीत होतं. तरी दिले.

आणि मी काही डोळे झाकून नाही दिले हो. बोर्ड एच४१० चिपसेटचा, म्हणजे त्यावरची मुख्य चिप एच४१० आहे म्हटल्यावर मी लगेच विचारलं, की एच४१० आणि बी४६० वर अकरावी जनरेशन चालत नाही ना? कारण ते मला पाठ होतं, हे दोन चिपसेट जुन्या २२ नॅनोमीटर पद्धतीने बनवलेले, त्यांना रॉकेट लेकचा, म्हणजे अकराव्या जनरेशनचा सपोर्टच नाही, एच४७०, झेड४९० आणि पुढची ५०० सिरीज यांना आहे. तर हा पठ्ठ्या म्हणतो, "बरोबर आहे सर, तुम्हाला नॉलेज आहे. पण ते जुन्या एच४१० चं. हा व्ही२ आहे, ह्यात आतून एच४७० चीच चिप आहे." आता यातली गंमत बघा, हे खोटं नाहीये! असे बोर्ड खरंच निघाले, नाव एच४१० आणि पुढे व्ही२ किंवा व्ही३, चिप एच४७० ची, आणि त्यांच्यावर अकरावी व्यवस्थित चालते. म्हणून तर फसलो. निव्वळ थाप मारली असती तर तिथेच पकडला असता त्याला, पण त्याने खरी गोष्ट सांगितली, फक्त ती त्याच्या हातातल्या बोर्डची नव्हती. वर "तुम्हाला नॉलेज आहे" म्हणून मला गप्प केलं ते वेगळंच.

पार्सल आलं. खोक्यावर मॉडेलचं नाव छापलेलं, आणि त्याच्यापुढे 'व्ही२' हे एका छोट्या पांढऱ्या स्टिकरवर. स्टिकर जरासं तिरकं. मी ते पाहिलं. पाहिलं म्हणजे चांगलं बोट फिरवून पाहिलं, एक कोपरा उचकटलेला होता तो मीच अंगठ्याने दाबून नीट बसवला! स्वतःच्या हाताने. मनात म्हटलं कंपनीने जुनीच खोकी वापरली असतील. बोर्डवर रॅमच्या स्लॉटशेजारी जे नाव छापलेलं असतं त्यात व्ही२ नव्हतं, तेही दिसलं, आणि त्याच्याहून वाईट म्हणजे पुढची दोन वर्षं जेव्हा जेव्हा बायोसमध्ये, म्हणजे बोर्डच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये गेलो तेव्हा वर ठळक अक्षरात मॉडेलचं नाव येत होतं, व्ही२ शिवाय. किती वेळा गेलो असेन? पंचवीस-तीस वेळा तरी. दर वेळी बोर्ड स्वतःच्या तोंडाने सांगत होता आणि मी फॅनचा स्पीड कमीजास्त करत बसलो होतो.

खोक्यावर विश्वास ठेवू नका. खोकं कागदाचं असतं, ते कुणीही आणून देतं. बोर्डवर छापलेलं नाव आणि रिव्हिजन वाचा, मग बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर त्याच नावाची, अक्षर न अक्षर त्याच नावाची, प्रोसेसर सपोर्ट लिस्ट उघडा. त्यात प्रोसेसरचं नाव आणि पुढे कुठल्या बायोस व्हर्जनपासून चालतो ते लिहिलेलं असतं. पाच मिनिटांचं काम. मी साइट उघडली होती, पण व्ही२ च्या पानाची, कारण माझ्या डोक्यात माझा बोर्ड व्ही२ होता.

ऑगस्ट २०२३ ला अपग्रेड केलं. आय३ त्याला कुरियर केला, १५,९०० दिले, आय७-११७०० आला. खाच बरोबर जुळली, प्रोसेसर अलगद बसला, लिव्हर खाली गेला, पंखा फिरला, आणि स्क्रीन काळी. रॅम बदलून बघितली, सीमॉस रिसेट करून बायोसच्या सेटिंग मूळच्या केल्या, एकच रॅम लावून बघितली, रात्रीचे दोन वाजले. पंखा मस्त फिरतोय, लाइट लागलाय, डिस्प्ले नाही.

त्याला मेसेज केला तर "सर टेन्शन घेऊ नका, बायोस जुना आहे, बोर्ड पाठवा, प्रोग्रामर मशीनने नवा मारून देतो." फी ७५०, कुरियर ४२०. मी पाठवला, आणि इथे माझी दुसरी चूक, सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण मी कधीच फेकून दिलेलं, त्यामुळे बोर्ड तसाच बबल रॅपमध्ये गुंडाळला, सॉकेटचा फोटो न काढता. नऊ दिवसांनी परत आला तेव्हा सॉकेटच्या एका कोपऱ्यातल्या पाच-सहा पिना आडव्या झोपलेल्या. टॉर्च तिरका धरला की बाकीच्या पिना एका रांगेत चमकत होत्या आणि तेवढाच तुकडा काळा दिसत होता. त्याचा मेसेज, "सर पिना आधीपासूनच वाकलेल्या होत्या, तुमच्याकडून डॅमेज झालंय." झालं. त्यानंतर ब्लॉक.

एलजीएमध्ये पिना बोर्डवर असतात, हे विसरू नका. एएमडी कंपनीच्या एएम४ सॉकेटमध्ये त्या प्रोसेसरला होत्या, एएम५ मध्ये त्या बोर्डवर आल्या. बोर्ड कुणाच्याही हातात देण्याआधी सॉकेटचा जवळून फोटो, तारखेसकट. आणि ते झाकण फेकू नका, कंपन्या वॉरंटीच्या वेळी तेच आधी बघतात.

वॉरंटी तीन वर्षांची, अजून दहा महिने बाकी, म्हणून सर्व्हिस सेंटरला गेलो. टोकन, दीड तास, मग काउंटरवरच्या मुलाने भिंगातून एकदा बघितलं आणि "फिजिकल डॅमेज, वॉरंटी नाही." मी म्हटलं अहो हा बोर्ड व्ही२ म्हणून विकलाय. त्याने खोक्यावरचा आणि बोर्डवरचा सिरीयल नंबर जुळवला, जुळेना. मग नखाने ते स्टिकर काढलं, फर्रकन निघालं, आणि मला म्हणतो, "सर, एच४१० ला अकरावी चालत नाही, साइटवर लिहिलंय, वाचलं नव्हतं का?" मला! मागे रांगेत चार लोक उभे.

बँकेत गेलो. तिथे म्हणे पैसे तुम्हीच पाठवलेत, पासवर्ड कुणी चोरला नाही, मग फ्रॉड कसा? म्हणजे चोराने खिशातून काढले तर चोरी, आणि खोटं बोलून काढून घेतले तर ती माझी हौस. ऑनलाइन तक्रार टाकली, फॉर्ममध्ये 'फसवणुकीचा प्रकार' निवडायला अकरा पर्याय, त्यात खोटी वस्तू विकली असा पर्यायच नाही, शेवटी 'इतर'. बारा दिवसांनी मेसेज आला, "आपल्या तक्रारीचे समाधानकारक निवारण झाले आहे." कुणाचं समाधान? परत उघडली, परत बंद. असं तीनदा. तिसऱ्यांदा तर फीडबॅक मागितला, पाचपैकी किती स्टार. पोलिसांकडे गेलो तर साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून विचारलं, "सॉकेट म्हणजे प्लगचं का?" मी कागदावर चित्र काढून दाखवलं. तर म्हणे वस्तू तर मिळाली ना तुम्हाला, मग ही ग्राहक तक्रार झाली, तिकडे जा. तिकडे म्हणाले पक्कं बिल आणा. बिल कुठलं, व्हॉट्सअ‍ॅपवर 'पेड' लिहिलेला फोटो. बिल घ्या रे बाबांनो, त्यावर मॉडेलचं पूर्ण नाव आणि सिरीयल नंबर लिहून घ्या, दोनशे-चारशे वाचवायला बिल सोडू नका. मी वाचवले होते तेवढेच.

आय७ मात्र खरा निघाला. मित्राच्या बी५६० म्हणजे ५०० सिरीजच्या बोर्डवर पहिल्या झटक्यात चालू झाला. मग काय करणार, ६,२०० देऊन सेकंडहँड बी५६० घेतला, म्हणजे ज्या सॉकेटला पुढे कुणी विचारणार नाही त्यात अजून पैसे ओतले. हिशेब तुम्हीच लावा, १४,६०० अधिक ३,५०० अधिक १५,९०० अधिक ७५० अधिक ४२० अधिक ६,२००.

आणि सगळ्यात जास्त काय टोचतं सांगू? आय७-१०७०० त्या साध्या एच४१० वर चालला असता. त्यातही आठ कोर, सोळा थ्रेड. काही बदलायलाच लागलं नसतं. पण मला अकरावी हवी होती, पुढचं हवं होतं. एलजीए १२०० ला पुढचं होतंच किती? २०२० मध्ये आला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये एलजीए १७०० आला पण, दोन जनरेशनमध्ये खेळ खलास. १७०० ला तरी तीन वर्षं मिळाली, मग २०२४ मध्ये १८५१. त्याआधी ११५१ ने तर कहर केलेला, पिना तेवढ्याच, नाव तेच, आणि २०१७ मध्ये आठवी जनरेशन आली ती जुन्या १०० आणि २०० सिरीजच्या बोर्डवर चालेना. इंटेलचं सोडा, एएम४ एवढा चांगला, २०१७ च्या बोर्डवर लोकांनी २०२२ चा ५८०० एक्स३डी प्रोसेसर चालवला, पण तिथेही मे २०२० मध्ये एएमडीने बी४५० बोर्डना पुढच्या रायझन ५००० प्रोसेसरचा सपोर्ट देणार नाही म्हणून सांगितलं होतं, लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा निर्णय फिरवला. तेव्हा 'पुढे सपोर्ट येईल' या शब्दावर आज पैसे देऊ नका, कंपनी म्हणो नाहीतर विकणारा दादा म्हणो. आज त्या सॉकेटला जो सगळ्यात वरचा प्रोसेसर चालतोय तो तुम्हाला पुढे पुरेल का, एवढंच बघा. पुरत नसेल तर ते अपग्रेड नाही, लॉटरी आहे.

परवा भावाच्या फोनवर एका ग्रुपमध्ये त्या विकणाऱ्याची नवीन जाहिरात दिसली, नंबर वेगळा, नाव वेगळं. 'एएम५ लाइफटाइम अपग्रेड कॉम्बो, बुकिंग फक्त ४,५००'. खाली खोक्याचा फोटो. फोटो मोठा करून बघितला, मॉडेलच्या नावापुढे छोटं पांढरं स्टिकर, जरासं तिरकं.