अतिवृष्टीचं अनुदान रिटर्नमध्ये दाखवताना: आयटीआर-१ कसा वाटला

नोकरी झेडपीच्या शाळेत आणि सातबारा नावावर, असे कितीतरी जण यवतमाळ-वाशिमकडे आहेत. अतिवृष्टीचं सरकारी अनुदान मिळालं असेल, तर ते दाखवायला त्यांच्यासाठी आयकर पोर्टलवरचा आयटीआर-१ (पगारदारांचा साधा रिटर्न फॉर्म) चांगला आहे. फक्त योग्य रकाना आपणच शोधावा लागतो.

'करमुक्त उत्पन्न' या भागात जाऊन यादीतून कलम १०(१०बीसी) निवडायचं. आपत्तीची भरपाई केंद्र सरकार, राज्य सरकार किंवा स्थानिक संस्थेकडून मिळाली असेल, तर ती इथेच दाखवायची. यादी इंग्रजीत आणि लांबलचक आहे, म्हणून घाईत बोट दुसऱ्याच ओळीवर पडतं. ही मोठी उणीव.

खरा घोळ पुढे होतो. रक्कम 'इतर उत्पन्ना'त गेली की तिच्यावर कर मोजला जातो. शेती उत्पन्नात घातली, तर ५,००० रुपयांची मर्यादा आडवी येते. शेती उत्पन्न त्याहून जास्त दिसलं की आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ हा मोठा फॉर्म भरावा लागतो. पीकविमा वेगळा. तो विमा कंपनी देते, त्यामुळे त्याची रक्कम १०(१०बीसी)मध्ये मिसळू नका.

रक्कम आठवणीवर टाकू नका, पासबुकातून घ्या. अनुदान दोन हप्त्यांत आलं असेल, तर १ एप्रिल ते ३१ मार्च या काळात जमा झालेलंच धरा. अनुदानासाठी केलेल्या ई-केवायसीची (आधारने ओळख पटवण्याची) विशिष्ट क्रमांक असलेली पावती जपून ठेवा. सेतू केंद्रातून भरत असाल, तर 'सबमिट' दाबण्याआधी हा रकाना स्वतः वाचा.

रिटर्न भरल्यावर त्याचं ई-व्हेरिफिकेशन, म्हणजे ऑनलाइन पडताळणी, ३० दिवसांत करायची. आधार ओटीपीने ती लगेच होते, पण आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू हवा.